हात आपलाच वर करायचा

ते बसलेले मी फक्त दोनदा पाहिले. तीन वर्षं, वर्षाचे चोवीस आठवडे, आठवड्यातून चार गाठी, म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा मी त्यांच्यासमोर उभी राहिले, त्यांतल्या या दोन. एकदा त्यांचा पाय मुरगळला होता. दुसऱ्यांदा कॉलेजच्या प्रमुखांकडे जेवण होतं आणि त्यांच्या खुर्चीला पाठ लावून वेटर उभा असल्यामुळे त्यांना उठताच येत नव्हतं. एरवी ते चालत असत. आम्ही चॅपलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या आतल्या छोट्या चर्चमध्ये, समोरासमोरच्या बाकांत दोन रांगा करून गायचो आणि आमच्या कॉयरचे, गायकवृंदाचे, हे प्रमुख आमच्या पाठीमागून फेऱ्या मारत ऐकायचे. मानेवर पेपरमिंटचा वास आला की समजायचं, आता आपली पाळी.

संगीतात पीएच.डी. केलेली असल्यामुळे सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. माझे बाबा भूल देणारे डॉक्टर. त्यामुळे मी फोनवर "डॉक्टर आज रागावले" म्हटलं की आई विचारायची, "कोणते? आपले की तुमचे?"

आमचे डॉक्टर तेव्हा साठीच्या आसपास होते. उंच, वाकलेले, पँटच्या पायांना सायकलच्या क्लिपा कायम लावलेल्या. सायकल दोन वर्षांपूर्वी चोरीला गेली होती, क्लिपा राहिल्या होत्या. एकदा तालमीत त्यांना वाटलं की खालचे सूर जमिनीतून नीट कळतात. ते सरळ संगमरवरी फरशीवर आडवे झाले, कान फरशीला लावला आणि डोळे मिटले. चॅपल बघायला आलेल्या एका बाईंनी घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावली. ॲम्ब्युलन्सवाले आले तेव्हा आम्ही गातच होतो. डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले, "बेसवाले, तुम्ही घसरताय." मग ॲम्ब्युलन्सवाल्यांना म्हणाले, "तुम्ही नाही. तुम्ही छान आहात."

मी त्या कॉयरमध्ये गेले ते दोन हजार चार साली. गणित शिकायला इंग्लंडमधल्या त्या विद्यापीठात आले होते. मी अकरा वर्षांची असताना बाबांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही सांगलीहून मेडनहेडला आलो. दर रविवारी ईलिंगला आत्याकडे जायचं आणि तिच्या घराजवळ एका बाईंकडे गाणं शिकायचं, असा सात वर्षं नेम होता. आवाज बेताचाच. ताल मात्र पक्का. बाई म्हणायच्या, "हिला तानपुऱ्यापेक्षा कॅल्क्युलेटर द्या."

कॉयर स्कॉलरशिप असते हे मला नोटिस बोर्डावर कळलं. आठवड्यातून तीन वेळा संध्याकाळची प्रार्थना गायची, एक जादा तालीम करायची. त्या बदल्यात चॅपलशेजारी खोली आणि लंडनच्या एका नामांकित शिक्षिकेकडे दर आठवड्याला गाण्याचा धडा. चाचणीत डॉक्टरांनी मला सात मात्रांचा ताल टाळीने धरायला सांगितला आणि स्वतः पियानोवर मुद्दाम चुकीच्या जागी जोर देऊ लागले. माझा ताल हलला नाही. ते थांबले. मीच घाईने म्हणाले, "मी हिंदू आहे. चालेल ना?"

"आमचे निम्मे टेनर कशावरच विश्वास ठेवत नाहीत," ते म्हणाले. "मोजण्यावर तर नाहीच. तू मोजतेस कशी?"

मी त्यांना उजवा हात दाखवला. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, त्यावरून अंगठा फिरवायचा, एका फेरीत बारा. त्यांनी तिथल्या तिथे स्वतःचा अंगठा फिरवून पाहिला, दोनदा चुकले आणि मला स्कॉलरशिप दिली.

घरी बातमी सांगितल्यावर आई म्हणाली, "गा बाई. पण तिथे ते पाव आणि वाईन देतात ना, त्यातली वाईन नको घेऊस." आत्या म्हणाली, "झगा घालून गाणार? फोटो पाठव, मी फ्रिजवर लावते." बाबांमुळे आठ दिवसांत हॉस्पिटलातल्या सगळ्या मराठी डॉक्टरांना ही बातमी माहीत झाली.

मला बायकांच्या खालच्या आवाजात, ऑल्टोमध्ये घातलं. पुरुषांत वरच्या आवाजाचे टेनर, खालच्या आवाजाचे बेस. ऑल्टोला सुंदर ओळी क्वचित मिळतात. बराच वेळ गप्प राहून नेमक्या जागी शिरायचं असतं. बार म्हणजे तालाचं एक लहान आवर्तन. कधी आठ बार गप्प, कधी अकरा. डॉक्टर कोणालाही शिरण्याची खूण करत नसत. "मी ट्रॅफिक लाइट नाही," म्हणायचे. त्यामुळे माझ्या अंगठ्याला भाव आला. माझ्या शेजारी बेथन उभी राहायची. वेल्समधल्या एका खेड्यातली, दुसरी ऑल्टो स्कॉलर, आवाज माझ्या दुप्पट आणि मोजण्याच्या नावाने आनंद. ती माझ्या श्वासावर शिरायची. मी श्वास घेतला की तिने घ्यायचा. बाकीच्या चौघी तिच्यामागून. ती म्हणायची, "तू माझा गजर आहेस. तू घरी राहिलीस तर मी जूनपर्यंत गप्प उभी राहीन."

तालमीत चूक झाली की ज्याची त्याने हात वर करायचा, हा तिथल्या सगळ्याच कॉयरचा रिवाज. अर्थ असा की, चुकलो, मला कळलंय, थांबू नका. गाणं चालू राहतं, वेळ वाचतो. डॉक्टर म्हणायचे, "देव माफ करतो, त्याला वेळ आहे. माझ्याकडे चाळीसच मिनिटं आहेत." प्रार्थना चालू असताना लोकांसमोर हात वर करता येत नाही. म्हणून डॉक्टरांनी स्वतःची एक भर घातली होती. प्रार्थना संपल्यावर मागच्या खोलीत, झगे काढायच्या आधी, ते दारापाशी थांबायचे. ज्याचं चुकलं त्याने हात वर करायचा. ते नाव घेऊन "थँक यू" म्हणायचे आणि निघून जायचे. काय चुकलं, का चुकलं, काही नाही. पहिल्या वर्षी मी एकोणीस वेळा हात वर केला. लिहून ठेवलं होतं.

त्यांनी मला आणखी एक काम दिलं होतं. चॅपल थंड असलं की कॉयरचा सूर उतरतो, असा त्यांचा सिद्धांत. वेदीमागे थर्मामीटर टांगलेला होता. रोज तापमान मी लिहायचं, सूर किती उतरला ते त्यांनी लिहायचं. वर्षाअखेर मी आलेख काढून दाखवला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध दिसत नव्हता. ते बराच वेळ कागद घेऊन चालत राहिले आणि म्हणाले, "थर्मामीटर बदलायला हवा." आज मिल्टन कीन्सच्या घरात मी थर्मोस्टॅट एकोणीसवर ठेवते, नवरा गुपचूप एकवीस करतो, आणि दर वेळी मला डॉक्टर आठवतात. आकडा आवडला नाही की माणसं यंत्राला हात घालतात.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत दोन गोष्टी एकदम झाल्या. आमची एक प्रार्थना रेडिओवरून थेट ऐकवली जाणार असं ठरलं. आणि कॉलेजने कळवलं की पुढच्या वर्षी ऑल्टोंच्या दोन स्कॉलरशिपांऐवजी एकच राहील, दुसरी टेनरला जाईल. टेनर नेहमीच कमी. दोघींतल्या एकीचं नाव डॉक्टरांनी मार्चच्या पहिल्या सोमवारी कळवायचं होतं.

मला ती हवी होती, कारण बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बेथनला ती हवी होती, कारण तिला गायिकाच व्हायचं होतं आणि लंडनच्या त्या धड्याशिवाय तिच्यापाशी दुसरा रस्ता नव्हता. हे मला माहीत होतं. मी माझ्या कारणाशेजारी तिचं कारण ठेवून पाहिलंही होतं, आणि मग विचार बंद केला होता.

रेडिओच्या दिवशी चॅपलचं हीटिंग दुपारीच बंद केलं, कारण पाइपांची खडखड मायक्रोफोनमध्ये येते. संध्याकाळी मी नोंद केली: नऊ अंश. मुख्य गाण्यात ऑल्टोंना चौदा बार गप्प राहून एकट्यांनी शिरायचं होतं. डाव्या हातात वही, तिच्याआड उजव्या हाताचा अंगठा. बारा, मग पहिल्या बोटाची दोन पेरं. बोटं बधिर झाली होती. एका बारात अंगठा दोन पेरं सरकला असणार, कारण तेरा बार झाले होते आणि मला चौदा वाटले.

मी श्वास घेतला. तोंड उघडलं आणि समोरच्या रांगेतल्या मुलाच्या डोळ्यांत दिसलं की काहीतरी चुकतंय. मी सूर गिळला. बेथन मात्र माझ्या श्वासावर निघाली होती. तिचा तो मोठा, सुंदर, एकटा सूर एक बार आधी अख्ख्या देशात गेला. तिने तो लगेच तोडला. पुढच्या बारला आम्ही सगळ्या नीट शिरलो. तीन सेकंदांची गोष्ट, जास्त नाही.

मागच्या खोलीत डॉक्टर दारापाशी थांबले. बेथनने हात वर केला.

"थँक यू, बेथन."

यानंतर ते निघून जायला हवे होते. ते गेले नाहीत. टेबलाभोवती फेरी मारली. मग दुसरी. चार फेऱ्या झाल्या. खोलीत अठरा माणसं झगे घालून उभी. मी मनात हिशेब मांडत होते: माझा आवाज बाहेर पडलेला नाही. आवाजच नाही तर चूक कसली? पुराव्याने बघितलं तर मी स्वच्छ होते. डॉक्टर म्हणाले, "आणखी?" कोणी हललं नाही. ते गेले.

बाबांचा फोन तासाभरात आला. मेडनहेडच्या घरी आठ पाहुणे, बटाटेवडे, रेडिओ टेबलाच्या मधोमध.

"फार छान झालं गं," बाबा म्हणाले. "ते मध्ये कोणीतरी चुकलं का? आत्या म्हणते, तू असशील."

मागून आत्या ओरडली, "मी तसं म्हटलं नाही, मी विचारलं!"

"तो माझा आवाज नव्हता," मी म्हणाले.

"मी सांगितलंच सगळ्यांना," बाबा म्हणाले.

वाक्य खरं होतं. मी ते पुष्कळदा तपासलं आणि दर वेळी खरं निघालं. तरी त्या आठवड्यात मला जेवायला बसवेना, वाचायला बसवेना. मीसुद्धा चालायला लागले होते. नदीकाठी, लायब्ररीच्या मजल्यांवर, कुठेही.

मार्चचा पहिला सोमवार गेला. पुढच्या वर्षीच्या स्कॉलरांची यादी लागली नाही. मंगळवारी तालमीत ते गाणं पुन्हा निघालं. त्या चौदा बारांपाशी डॉक्टरांनी सगळ्यांनाच गप्प केलं, ऑर्गनलासुद्धा. मग हात वर करून त्यांनी चौदा बार शांतता चालवली. नुसते हात हलतायत, आवाज नाही. चौदा संपल्यावर म्हणाले, "ठीक," आणि पुढचं गाणं काढलं. बुधवारी पुन्हा तेच. शुक्रवारी पुन्हा तेच. टेनरवाल्यांनी म्हातारा सरकला असं ठरवून टाकलं. मी खाली बघून उभी राहायची. बेथन समोर बघून उभी राहायची. आमचं बोलणं "पान उलट"पर्यंत आलं होतं.

पुढच्या बुधवारी कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. "तुमच्या डॉक्टरांना जरा सांग ना. यादी अजून दिली नाही. अठ्ठावीस वर्षांत एक दिवस उशीर नाही, आणि आता नऊ दिवस! फोन केला तर म्हणतात, वाट बघतोय. कशाची, विचारलं तर फोन ठेवतात."

मी तशीच त्यांच्या खोलीत गेले. तिथे बसायला खुर्ची नव्हतीच, सगळीकडे स्वरलिपीच्या वह्या. ते खिडकी ते दार चालत होते.

"रेडिओच्या दिवशी," मी म्हणाले, "बेथनच्या आधी—"

"किती अंश होते?"

"नऊ."

"बोटं?"

"बधिर होती."

"तेरा?"

"तेरा."

"तेराव्याच्या शेवटी एक श्वास ऐकू आला," ते म्हणाले. "तुझ्या नाकात बारीक शिट्टी वाजते. तुझ्या वडिलांनी लक्ष घालायला हवं होतं." ते दारापर्यंत जाऊन परत आले. "मला कशाला सांगतेस? मला कान आहेत. ऑफिस पाचला बंद होतं."

साडेतीन वाजले होते. बेथन तळघरातल्या लाँड्रीत सापडली. ड्रायर चालू होता, त्यामुळे मला ते ओरडूनच सांगावं लागलं. आधी हळू बोलले, तिला ऐकू गेलं नाही. मग मोठ्याने: "मी आधी श्वास घेतला! माझं मोजायचं चुकलं!"

तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही घडी घातली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी तुझ्या शेजारी उभी होते ना."

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशी बोलणार? हात आपलाच वर करायचा असतो." दुसरी चादर तिने एकटीनेच घडी केली. "माझ्या आईने अख्खी गल्ली बोलावली होती ऐकायला. माहितीये? केक केला होता तिने. सूर ऐकल्यावर शेजारची म्हणाली, अगं ही तर बेथन, किती स्पष्ट ऐकू येते! आईला चूक कळलीच नाही. तिला वाटलं, ते माझं सोलो होतं."

मला हसू आलं आणि ते यायला नको होतं. ती हसली नाही.

"मी तुझी दोन आठवडे वाट पाहिली," ती म्हणाली. "रोज जेवायला तुझ्या टेबलावर बसले. रोज. आता जा. मला हे मोजे जुळवायचेत."

सव्वाचारला मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. "सांगितलं," मी म्हणाले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून यादीचा कागद काढला. घड्यांवर तो मऊ पडला होता. एका रिकाम्या ओळीवर त्यांनी उभ्या उभ्या, भिंतीला कागद टेकवून, बेथनचं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

"ऑक्टोबरमध्ये येशील?" त्यांनी विचारलं.

"पण मला आता स्कॉलरशिप—"

"मी ऑक्टोबरचं विचारलं."

"येईन."

"मग जाताना हे ऑफिसात टाक. मी गेलो तर त्या बाई मला बोलत बसतील."

तो कागद मीच नेऊन दिला. त्या संध्याकाळी घरी फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे चुकलीस तू," ते म्हणाले. "आणि मला नाही म्हणालीस." मी हो म्हणाले. पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग ते म्हणाले, "जेवलीस का?"

तिसरं वर्ष मी बिनस्कॉलरशिपची गायले. खोली स्टेशनपलीकडे मिळाली, लंडनचा धडा बंद झाला. बेथन शेजारीच असायची. पहिल्या सत्रात आम्ही कामापुरतं बोललो, दुसऱ्यात थोडं जास्त. ती आता गाण्यावरच जगते, जर्मनीत असते, आणि नाताळला कार्ड पाठवते. त्यात स्वतःविषयी चार ओळी असतात आणि माझ्याविषयी एकही प्रश्न नसतो. मी उत्तर पाठवते.

डॉक्टरांना मी शेवटचं पाहिलं ते पदवीच्या दिवशी. आई-बाबा आणि आत्या हिरवळीवर फोटो काढत होते. डॉक्टर त्यांच्या कडेने झपाझप निघाले होते. मी धावत गाठलं. एक गोष्ट सव्वा वर्ष मनात होती, ती विचारल्याशिवाय मला गावातून जायचं नव्हतं.

"त्या दिवशी मी आलेच नसते तर काय केलं असतंत?"

"पाच वाजता तुझं नाव लिहिलं असतं," ते न थांबता म्हणाले. "तुम्हा दोघींत ऑल्टो म्हणून तू जास्त चांगली होतीस. आवाज तिचा होता, पण रांग तू धरत होतीस."

"सगळं माहीत असून?"

ते थांबले. मला वाटतं, चालता चालता माझ्यासाठी ते थांबले अशी ती एकच वेळ.

"हो," ते म्हणाले. "आणि मग वर्षभर, आठवड्यातून चारदा, मला तुला ऐकावं लागलं असतं."

एवढं बोलून त्यांनी आईला मान लववून नमस्कार केला आणि फाटकातून बाहेर पडले. आत्याने विचारलं, "काय म्हणाले गं ते?" मी सांगितलं, "शुभेच्छा दिल्या." आणि मग, सगळे गाडीकडे वळल्यावर, मी तिला थांबवून खरं काय ते सांगितलं.